मडगार्डच्या आत

गाडी धुऊन मिळायची वाट बघत नर्सबाई बाकावर टेकल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. समोरच त्यांची जुनी गाडी धुतली जात होती.

"मडगार्डच्या आतून नीट धू रे. चिखल राहिला की पत्रा सडतो."

"बाबा, तिथे वाकून कोण बघणार आहे?"

"घेणारा बघेल की. डॉक्टर आहे म्हणालीस ना?"

"हो. जपेल तो गाडीला."

"मग धुऊन झाल्यावर आतून काळं पॉलिशही मार रे."

फोन वाजला तशी मुलगी उठून दाराशी गेली. तिचा दबका आवाज नर्सबाईंच्या कानावर पडला.

"हो, भंगारातच द्यायचीये. फक्त बाबांसमोर क्रेन आणू नका."

इकडे धुणारा उठून जवळ आला.

"काका, पत्रा पार सडलाय. बोट आरपार जातंय."

"हळू बोल. भंगारात चाललीये, ठाऊक आहे मला."

"मग कशाला हा खटाटोप?"

"खोटं बोलताना पोरीचा जीव किती तुटतोय, बघतोस ना? मला कळलंय हे तिला कळायला नको. मार पॉलिश, असेल तेवढ्या पत्र्यावर."