नावडत्या राणीचा प्रश्न

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउन स्टेशनवर माझ्या मागच्या बाकावर दोन मराठी बायका बोलत होत्या. एक तरुण, एक साठीची.

“सुलभाकाकू, काल माझी शिफ्ट होती, मंडळाचं नाटक हुकलं. तुम्ही कोण होतात?”

“नावडती राणी. नाटक आमच्या ह्यांनीच लिहिलेलं. मला नुसतं रडायचं होतं.”

“एकही वाक्य नाही?”

“नाही ना. शेवटी राजा म्हणाला, जा, तुला क्षमा केली. मी रडणं थांबवलं आणि विचारलं, कशाबद्दल?”

“बाई गं. मग?”

“बायकांच्या टाळ्या थांबेनात.”

“आणि काका?”

“घरी आल्यावर म्हणाले, चहा मी टाकतो, तू बस. राणी पुढे काय म्हणते ते सांग.”