चौतीस नंबरचा ब्लाऊजपीस

उज्ज्वला : पण नंबर कशाला टाकायचा म्हणते मी?

संस्कृती : ओळखू यावा म्हणून, आई.

उज्ज्वला : ब्लाऊजपीस काय ओळखायचा असतो का? कुणी दिला की पेटीत टाकायचा, कुणाची ओटी भरायची आली की पेटीतनं काढायचा.

संस्कृती : तेच तर बघायचं होतं. एक तरी शिवला जातो का? कॉलेजात आम्ही तळ्यातल्या माशांना खूण करून सोडायचो. परत जाळं टाकलं की खुणेचे किती येतात ते मोजायचो. तसंच पेटीतल्या चाळीस पिसांच्या कोपऱ्यात बारीक नंबर टाकले. संक्रांतीपासून सव्वीस गेले.

उज्ज्वला : आणि त्यातला एक तुझ्या मोठ्याईच्या जाळ्यात घावला. आष्टीला भाचीच्या डोहाळजेवणात मिळाला म्हणे. फोनवर म्हणल्या, "उज्ज्वला, पिसावर चौतीस लिवलंय, तुझ्या लेकीच्या अक्षरात. येते मी."

संस्कृती : त्यांना माझं अक्षर कसं कळलं?

उज्ज्वला : त्यांच्या भिंतीवर सगळ्यांचे फोन नंबर तूच लिहून आलीस ना. चौतीस कुणाचा होता, वहीत बघ.

संस्कृती : चौतीस. मोरपंखी, लाल काठ. आला, चौदा जानेवारी, मोठ्याईकडून. गेला, एकोणीस जानेवारी, दिंद्रुडच्या मामीला, वास्तुशांतीत.

उज्ज्वला : म्हणजे त्यांचाच. अगं, सख्खी थोरली जाऊ हाय ती माझी. आता काय तोंड दाखवू?

संस्कृती : पण आई, दिंद्रुडहून आष्टी. चार महिन्यांत दीडशेएक किलोमीटर.

उज्ज्वला : ती वही पिठाच्या डब्यात टाक. आणि विचारलं तर नंबर दुकानदाराचा म्हणायचा.

(सुंदरबाई पीस हातात धरूनच आत येतात.)

सुंदरबाई : चा नको, पाणी नको. हे काय हाय, ते सांगा आधी.

उज्ज्वला : दुकानदाराचा नंबर असंल, जाऊबाई.

सुंदरबाई : दुकानदार हिच्याकडं अक्षर गिरवायला येतो का?

संस्कृती : मोठ्याई, मीच लिहिला.

सुंदरबाई : मग त्याची वही बी असंल. तू वहीबिगर काय करत न्हाईस. किती दिस राहिला हा तुमच्या पेटीत?

संस्कृती : पाच.

सुंदरबाई : आन् बाकीचे?

उज्ज्वला : सरासरी काढू नकोस, संस्कृती.

संस्कृती : बेचाळीस.

सुंदरबाई : बाकीच्यांचे बेचाळीस, आन् माझा पाच.

उज्ज्वला : वरच होता, जाऊबाई. रिक्षा दारात उभी, हे हाका मारायलेत. पेटी उघडली, हाताला लागला तो घेतला. रंग बी बघितला न्हाई.

सुंदरबाई : त्याचंच वाईट वाटतंय. बघून दिला असतास तर म्हणले असते, न्हाई आवडला.

उज्ज्वला : आन् मी दिलेले तुमी लई शिवलेत?

सुंदरबाई : एक बी न्हाई. तुझे ऐंशी सेंटिमीटरचे. माझा एक दंड झाकला की कापड सरतं.

उज्ज्वला : मग दुकानात तसेच मिळतात. मी काय करू?

सुंदरबाई : तसेच मिळतात, म्हणून तर हा मीटरभर फाडून घेतलता. हिच्या पदवीला तू जी साडी नेसली होतीस, तिच्यावर जावा म्हणून. तीन दुकानं फिरले. साडीचा फोटो हिच्याकडनंच मागवलता.

उज्ज्वला : तू फोटो पाठवला होतास?

संस्कृती : हो.

उज्ज्वला : मग हे वहीत का लिहिलं न्हाईस?

संस्कृती : त्याला रकाना नव्हता.

सुंदरबाई : असू दे. चूक लेकराची न्हाई. मीच बोलले न्हाई काही देताना. वाटलं, घडी उघडशील तवा कळंल.

उज्ज्वला : घडी उघडलीच न्हाई, जाऊबाई. आपण कधी कुणाची उघडतो?

सुंदरबाई : मी बी न्हाई उघडत. हा बी नंबर दिसला म्हणून उघडला.

उज्ज्वला : ठेवा की मग हितं. आता न्हाई द्यायची कुणाला.

सुंदरबाई : पेटीत तर न्हाईच ठेवायचा. कोपऱ्यावरच्या रुबीनाकडं शिवायला टाकते जाता जाता. मापाचं एक ब्लाऊज दे.

संस्कृती : नंबर शिलाईच्या आत जाईल. दिसणार नाही.

सुंदरबाई : तू गप बस आता. उज्ज्वला, देतीस का माप?

उज्ज्वला : देते. बाही कोपरापर्यंत सांगा.