बाळाच्या गालावरची खळी

कलासंग्रहालयाला शंभर वर्षं झाली, म्हणून चित्रांखालच्या पाट्या नव्याने लिहायच्या होत्या. चित्रांची माहिती देणाऱ्यांच्या रांगेत माझ्यापुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी होत्या.

"ताई, बाबांनी रंगवलेलं ते हसरं बाळ मीच."

"तुझ्या वेळी बाबांनी ब्रश कधीच खुंटीला टांगला होता."

"सत्तर वर्षं पाटीवर नुसतं 'बाळ' आहे गं. आज माझं नाव लागू दे!"

"बरं बाई, रुसू नकोस."

"बाळाला खळी आहे. मला पडते का बघ."

"पडते, पडते."

"मग तू ओठ मिटून का उभी? हस की!"

"दात दुखतोय."

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "बाळाचं नाव काय लिहू?"

"हिचं लिहा," ताई म्हणाली.

"थांबा हो," धाकटी म्हणाली, "आधी हिला गुदगुल्या करते. खळी दिसली, की हिचंच लिहा!"