पाठीला कोण लावणार?

खरूज झाली की माणूस खाजवतो कमी आणि लपवतो जास्त. आमचे बाबा दिवेआगरला एकटे राहतात. महिनाभर मलम लावूनही त्यांची खाज जाईना. मी चार दिवस राहायला गेलो तेव्हा ते कळलं, म्हणून त्यांना बोर्लीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"मलम कसं लावता?" बाईंनी विचारलं.

"रोज लावतो, खाजतं तिथे."

"म्हणूनच कातडी भाजल्यासारखी झालीये. हे रोज लावायचं नसतं. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा लावायचं आणि रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ करायची. मग आठवड्याने आणखी एकदा, बस. पाठीला लावता का?"

बाबा खाली बघत म्हणाले, "पाठीला आमची ही लावायची. तेल असो, बाम असो. आता हात पोचत नाही."

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी रोज फोनवर "बरे आहात ना?" विचारायचो आणि ते रोज "बरा आहे" म्हणायचे.

बाई माझ्याकडे वळल्या. "त्यांच्याकडेच राहताय ना? मग खाज नसली तरी तुम्हीही आजच लावा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा."

संध्याकाळी बाबा सदरा काढून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीला मलम लावलं. पाठ केवढीशी झाली होती!

मग त्यांनी माझ्या हातातली ट्यूब घेतली.

"वळ," ते म्हणाले. "तुझा तरी हात कुठे पोचतोय?"