वायरमनदादांनी बाद केलेली इस्त्री

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आपले वायरमनदादा, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि शिलाई-इस्त्री खात्यातल्या माझ्या बायांनो, सर्वांना नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही, ओरडायची आहे. वीस वर्षं इस्त्री खातं सांभाळायचं म्हणजे दुसरं काय येणार?

दादा दर तीन महिन्यांनी मीटर घेऊन यायचे. पंखा, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड, एकेक वस्तू उलटीपालटी करायचे. वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवायचे, प्लग उघडून बघायचे, मगच तारखेची चिठ्ठी चिकटवायचे. आणि आम्ही काय म्हणायचो? "आले, खोडा घालायला!" वहिनी, राग मानू नका, तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या गणवेशांची मोठी खेप संध्याकाळी जायची होती. माझी सून नुकतीच कामाला लागलेली. सकाळीच म्हणाली, "आई, इस्त्रीला हात लागला की मुंग्या येतात."

मी म्हटलं, "नवीन आहेस. होईल सवय."

दुपारी दादा आले. तिची इस्त्री मीटरला लावली आणि सरळ वायरच कापून टाकली. मी थयथयाट केला. "आता खेप काय तुमच्या मीटरने दाबू?"

दादांनी मला बाजूला नेलं. प्लग उघडून माझ्या हातावर ठेवला. अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. वर मुठीपाशी वायर आतून सोलली होती आणि करंट इस्त्रीच्या लोखंडात उतरत होता.

"पायात रबरी चपला होत्या म्हणून पोर वाचली," दादा हळू आवाजात म्हणाले. "कोणी बसवला हा प्लग?"

आदल्या दिवशी मीच बसवला होता. दादांची वाट कोण बघणार? कात्रीने वायर सोलली, दोन टोकं जोडली, तिसरं आखूड पडलं म्हणून छाटून टाकलं.

"मी," म्हटलं.

दादा रागावतील असं वाटलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि नवा प्लग माझ्याकडून तीनदा खोलून, तीनदा बसवून घेतला. वहीत लिहिलं, 'इस्त्री बाद.' एवढंच. खेप दुसऱ्या दिवशी गेली, साहेबांची बोलणी त्यांनी मुकाट्याने खाल्ली. सुनेला सांगू का, विचारलं, तर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा, ताई. माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

नाही कळलं. नऊ वर्षं.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. पोरी, तो प्लग मी बसवला होता. तू मुंग्या येतात म्हणालीस, आणि मी तुला परत त्याच टेबलापाशी उभं केलं. अगं, उठू नकोस, बस. माझं बोलून होऊ दे.

दादा, माझ्या घरातलं माणूस तुमच्यामुळे घरात आहे. याहून मोठा सत्कार मला करता येत नाही.

मला बोलायला उभं केलंत, संयोजकांचे उपकार. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. सुनेची माफी मात्र मी अशी जाता जाता मागणार नाही. ती घरी, समोर बसून मागेन.