कार्बन काढायच्या आधी

वडील गेल्यानंतर दामिनीने त्यांची गाडी आज पहिल्यांदा सुरू केली. खडखड ऐकून आई स्वयंपाकघरातून लगबगीने दारापर्यंत आली, दामिनीकडे पाहिलं आणि परत आत गेली. आता दामिनी उदगीरच्या गॅरेजात बाकावर बसली होती. तिच्याआधी बसलिंगप्पा आणि गुरम्मा या नवरा-बायकोच्या गाडीचा नंबर होता.

"निवृत्ती, ह्या औषधानं इंजिनातला सगळा कार्बन जातो का रं?" बसलिंगप्पाने मेकॅनिकच्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"जातो की, काका. आत सोडायचं, तासभर मुरू द्यायचं. चालू केल्यावर धूर लई निघतो, भिऊ नका."

"आन् ही खडखड?"

"ती बी जाती. गाडी आली का गेली, कळत न्हाई."

"मग नको टाकूस, बाबा," गुरम्मा मध्येच म्हणाली.

"अगं, नको काय? पेट्रोल किती पितीय ती!"

"पिऊ द्या. कोपऱ्यावर खडखड झाली की मी चहा ठेवते. आता मला कसं कळावं?"

"फोन करतो ना."

"आजवर कधी केलाव?"

"निवृत्ती, काय करू रं? अर्धीच बाटली टाक."

"अर्धं असं होत न्हाई, काका. मला इंजिनातलं कळतं, घरातलं न्हाई. तुमी ठरवा." निवृत्ती दामिनीकडे वळला. "ताई, तुमच्या गाडीत टाकू ना?"

दामिनीने पुढे केलेली चावी परत मुठीत घेतली.

"थांबा जरा. आधी आईला विचारते."