सगळं चालतं, भाऊजी!

...नाही, पण मी म्हणतो, माझा कॉम्प्युटर हळू होता तर होता, तुझ्या का पोटात दुखत होतं? बायकोचा धाकटा भाऊ हो! रविवारी जेवायला आला, हात पुसत कॉम्प्युटरपाशी बसला आणि म्हणतो, "शी! अजून विंडोज? लिनक्स टाकून देतो. फुकट, सुसाट, आणि सगळं चालतं, भाऊजी!"

तुम्हाला सांगतो, माझं दुकान भरतकामाचं, घराच्याच पुढच्या खोलीत. हाताचं नाही, मशीनचं. कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं बसवायची, मशीनला पाठवायची, की मशीन ती धाग्यानं कापडावर काढतं. ते सॉफ्टवेअर नसेल तर मशीन म्हणजे नुसतं टेबल! मी विचारलं, "आणि माझं सॉफ्टवेअर?" "सगळं चालतं!" त्यात बायको आतून, "अहो, करू दे की, एवढ्या हौसेनं करतोय!" ...झालं! बसवलं त्यानं लिनक्स!

सोमवारी दुकान उघडलं. स्क्रीन काय देखणी, सुरू काय झटकन झाली... आणि सॉफ्टवेअर? उघडेचना! समोर मुलींच्या फुटबॉल संघाच्या कोचबाई, संध्याकाळी सामना, जर्सींवर नावं हवीत! कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाज, "सर, आमचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं." मग मेहुण्याला फोन. "हात्तिच्या! आलोच. सगळं चालतं, भाऊजी!"

आला. खटखट, खटखट... बाई घड्याळाकडे बघतायत, मी बाईंकडे बघतोय... आणि हा म्हणतो, "झालं! लिनक्सच्या आत एक विंडोज बसवलं." अरे?! ज्याला काल घराबाहेर काढलं, त्यालाच आज पोटभाडेकरू ठेवलं? मग काढलं कशाला होतं? बरं, आत तरी धड चालावं! एक अक्षर हलवलं की कॉम्प्युटर समाधी लावून बसतोय! शेवटी बाईंनी पिशवीतून मार्कर काढला आणि माझ्याच मशीनवर जर्सी पसरून, माझ्यादेखत, हातानं नावं लिहिली हो! जाताना म्हणाल्या, "सॉफ्टवेअर चाललं की कळवा." त्यापेक्षा कानफटात मारली असती तर बरं!

मी भडकलो. "काढ ते! विंडोज टाक परत!" टाकलं बिचाऱ्यानं, तोंड पाडून. मग मीच जरा नरमलो, चहा मागवला, विचारलं, "काय रे, तुझ्या ऑफिसात सगळे लिनक्सच वापरता?"

"छे हो, भाऊजी! विंडोज. तिथं काम असतं ना!"

...मी काय करणार? बायकोचा भाऊ! बशी पुढे सरकवली. म्हटलं, बिस्किट घे.